फुलीवरचा तारा

टेपावर चढणारी पायवाट अजून तीच आहे, पण वर पोचलं की सिमेंटचे खांब लागतात. कातळाच्या कडेने रांगेत रोवलेले, अजून तार न ओढलेले. पौडकडून ताम्हिणीला जाताना धरणाचं पाणी मागे पडतं आणि चढ सुरू होतो, तिथे डाव्या हाताला हा टेप आहे, बुटकी टेकडी. वर सपाट काळा कातळ, त्याच्या भेगांतून वाळलेलं गवत आणि एका टोकाला हौसाबाईचं घर. पुढच्या हिवाळ्यात इथे रिसॉर्ट होणार. फाट्यावर पाटी लागली आहे आणि पाटीवर उजेड टाकणारे दिवे आतापासूनच आभाळाकडे तोंड करून बसले आहेत.

मी संध्याकाळी पोचलो. दिवसभर तापलेला कातळ निवत होता. तो निवताना एक वास सोडतो, विझवलेल्या चुलीवर पाणी शिंपडल्यासारखा. त्यात गवताचा वास, शेणाचा वास, कुणाच्या तरी भाकरीचा करपट वास. नाक काही विसरत नाही. मीही काही विसरलो नव्हतो. येताना गाडीत मी पूर्ण तयारी केली होती. रघू भेटला की काय बोलायचं, कोणतं वाक्य आधी, कोणतं राखून ठेवायचं. धंद्यातला माणूस तयारीशिवाय सौद्याला जात नाही.

बोलावलं होतं रघूनेच. "टेप विकला गेला," तो फोनवर म्हणाला. "ही अमावास्या शेवटची. पुढे आत सोडणार नाहीत. चल."

"तुझ्याकडे मशीन आहे की. मला कशाला नेतोस?"

"चल रे," म्हणाला आणि फोन ठेवला. वाद घालायला तो कधी थांबतच नाही. माझं त्याच्याशी पहिल्यापासून इथेच बिनसतं.

रघू मूळ पौडचा. विम्याच्या कचेरीत कारकून होता, आता निवृत्त. मी बार्शीकडून पुण्यात आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. हातगाडीवर भंगार गोळा करता करता जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान उभं केलं. बंद पडलेल्या कारखान्यांचे लिलाव, मोटारी, बेअरिंगं, गिअर. माझ्या दुकानात घासाघीस केल्याशिवाय कुणी काही नेत नाही, आणि घासाघीस करून कुणी जिंकतही नाही. रघू एकदा बेअरिंग घ्यायला आला. मी भाव सांगितला, त्याने निमूटपणे पाकीट काढलं. मला त्याचा रागच आला.

"भाव का नाही करत?"

"तुम्हाला किंमत माहीत असणार. मला नाही."

"अहो, मी दुप्पट सांगितलीय."

"मग निम्मे परत द्या," तो म्हणाला आणि तिथल्याच स्टुलावर बसला.

त्यानंतर तो बरीच वर्षं त्याच स्टुलावर बसत राहिला.

तो माउंट बनवत होता. दुर्बीण ज्याच्यावर बसते ती बैठक. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. माउंट तेवढ्याच वेगाने उलटा फिरतो, म्हणजे दुर्बिणीला तारा जागच्या जागी उभा दिसतो. हे त्याने मला दुकानातल्या पंख्याच्या पात्यावर खडूने ठिपका काढून समजावलं. त्या माउंटचं मोठं दातेरी चाक मी एका बंद गिरणीच्या भंगारातून मिळवलं. भंगारवाल्याशी असा भांडलो, की शेवटी त्याने मला चहा पाजला आणि चाक हातात ठेवलं. ते चाक बसलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की वर जे काय आहे त्यात आपलाही हिस्सा आहे.

एक गोष्ट इथेच सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आखूड लेन्स लावून मिनिट-दोन मिनिटांचा फोटो घ्यायचा असेल, तर ध्रुवाकडे नीट रोखलेला माउंट आपलं काम एकटा करतो. त्याच्यावर नजर ठेवावी लागत नाही. पण लांब नळीची दुर्बीण लावली, आभाळाचा नखाएवढा तुकडा मोठा करून मागितला आणि त्यासाठी शटर बराच वेळ उघडं ठेवलं, की चाकाच्या दात्यातली केसाएवढी खोटही फोटोत उतरते. तारा किंचित पुढे जातो, किंचित मागे येतो. ठिपक्याचा तांदूळ होतो, तांदळाची रेघ होते. तेव्हा राखणदार लागतो. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक लहान दुर्बीण बांधलेली असते. तिच्या आत लाल उजेडाची बारीक फुली. एक तारा त्या फुलीवर घ्यायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. हातात चार बटणांचा डबा. तारा एका बाजूला सरकला की दुसऱ्या बाजूचं बटण, शटर मिटेपर्यंत. आज हे काम अंगठ्याएवढा कॅमेरा आणि एक लॅपटॉप करतात. त्याला ऑटोगायडर म्हणतात. तेव्हा ते मी करत होतो.

दसऱ्याच्या पुढेमागे ढग फाटायचे आणि आमचा हंगाम उघडायचा. खाली खाचरांत भात पिवळं पडलेलं असे, वारा फिरला की आंबेमोहोराचा वास टेपावर चढून येई. कातळाच्या खळग्यांत पावसाचं पाणी शिल्लक असे, त्यात तारे पडत आणि बेडूक उडी मारून ते मोडत. सामान हौसाबाईच्या ओट्यावर उतरवायचं. गोणपाटात गुंडाळलेला माउंट, माझ्या टेम्पोची काढून आणलेली बॅटरी, घोंगड्या, लाल जिलेटीनचा कागद लावलेला टॉर्च. हौसाबाई तेव्हा चाळिशीची असेल. दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे बघत राही.

"तारं काय पळून जात्यात व्हय," ती विचारी, "असं धरून बसायला?"

"जातात हो," रघू म्हणे. "म्हणून तर ह्याला आणलाय. ह्याच्या तावडीतनं कुणी सुटत नाही."

थंडी पडली की दवाशी झुंज असे. लेन्सवर दव बसलं की सगळं गेलं. त्यावर उपाय हौसाबाईचा होता. ती तव्यावर खडेमीठ तापवायची आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून द्यायची. ती पुरचुंडी लेन्सच्या गळ्यात बांधायची, बाळाच्या छातीला शेक द्यावा तशी. तापलेल्या मिठाचा आणि जुन्या सुती कापडाचा तो वास मला आजही कुठे आला, की माझा उजवा अंगठा आपोआप हलतो. बटण शोधतो.

मुक्कामाची एसटी घाटाकडे जायची तेव्हा तिच्या दिव्यांचा झोत वळणावर टेपावरून फिरायचा. तिचा आवाज खूप आधी यायचा, चढावर दम खाणारा. आवाज आला की रघू काळा पुठ्ठा घेऊन दुर्बिणीपुढे उभा राही. झोत येई, आमच्या घोंगड्या, आमची तोंडं, ओट्यावरची कोंबडी उजळून जाई आणि पुन्हा अंधार. रघू पुठ्ठा काढे. तेवढ्या वेळातही मी फुलीवरून डोळा काढायचा नसे. त्या एसटीतल्या माणसांना आम्ही कोण वाटत असू, कोण जाणे. एक जण पुठ्ठा धरून उभा आणि एक जण नळकांड्याला डोळा लावून बसलेला.

बोलायचं नाही, हा नियम होता. राखणीला बसलेल्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. मी दिवसभर दुकानात बोलून, ओरडून, शिव्या देऊन आलेलो असे. इथे गप्प बसायचं. फुलीवर तारा घेतला की आधी आपलाच श्वास ऐकू येतो, मग कानातलं रक्त, मग मोटारीची ती बारीक गुणगुण, आणि लांबवर टिटवी. थोड्या वेळाने तेही जाई. उरे तो एक कंप पावणारा ठिपका आणि त्याच्याशी चाललेली माझी ओढाताण. तो सरकू बघे, मी परत आणी. त्याला घाई नसे आणि मलाही. एवढा लांबलेला सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही, आणि त्या सौद्यात एकदाही माझा आवाज चढला नाही.

फिल्म धुवायला द्यायचो तो स्टुडिओवाला पहिल्या वेळी म्हणाला, "काही आलेलं नाही, सगळी कोरीच आहे, म्हणून छापली नाही." मी काउंटरवर हात आपटला. रघूने निगेटिव्ह उजेडाकडे धरली आणि मला बोलावलं. बारीक, गोल, टाचणीच्या टोकासारखे ठिपके. लांबट एकही नव्हता. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "हे तू आहेस." कुणी माझ्याबद्दल असं काही बोललेलं त्याआधी मला आठवत नाही, त्यानंतरही नाही.

उन्हाळ्यात खाचरं भाजायचे. राबाच्या धुराने आभाळ मळकट होई, आमचे कपडे आठवडाभर धुरकट वास देत. चैत्रात पहाटेच्या आत आकाशगंगा धरणावर उभी राही आणि पाण्याला दुधाचा हात लागल्यासारखं होई. वळवाच्या आधी काजवे येत. ते फोटोत घुसत, हिरव्या रेघोट्या ओढून जात. रघू चिडत नसे. "त्यांचं गाव आहे," म्हणे. मग एक दिवस घाटाकडून ढगांची काळी भिंत दिसे आणि आम्ही माउंट पुसून, वंगण लावून, तांदळाच्या डब्याशेजारी त्याच्या घरी ठेवून येत असू. त्या दिवशी हौसाबाई करवंदं द्यायची. हंगाम मिटल्याची ती खूण.

मग एक हिवाळा आला, ज्यात तारे लांबट यायला लागले.

त्या हिवाळ्याचं मला नीट आठवतं ते एवढंच, की लहान दुर्बिणीतली फुली वाकडी दिसायला लागली. आडवी रेघ मध्यावर थोडी खाली झुकल्यासारखी. मी रघूला सांगितलं, फुलीची तार ढिली झाली असेल, बघ. त्याने डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाला, "असेल." नंतर म्हणाला, "मला वाटतं चाकाच्या दात्यात खोट आलीय." म्हणून मी ते चाक दुकानात नेलं. रोज दुकान बंद केल्यावर खोलून बसायचो. रॉकेलने धुतलं, दाता न् दाता घासला, पुन्हा बसवलं. रघूने भलतंच वंगण घातलं म्हणून त्याला गिऱ्हाइकांसमोर झाडला. तो ऐकून घेत राहिला. पुढच्या अमावास्येलाही तारे लांबटच आले.

त्यानंतरच्या हंगामात तो ऑटोगायडर घेऊन आला. मला आधी एका शब्दाने बोलला नव्हता. हौसाबाईच्या ओट्यावर त्याने पिशवीतून तो एवढासा कॅमेरा काढला, लहान दुर्बिणीत मी डोळा लावायचो तिथे बसवला, आणि म्हणाला, "आता तू आरामात बस."

मी आरामात बसलो नाही. काय काय बोललो ते पूर्ण लिहीत नाही. एक वाक्य मात्र नंतरही खूप वापरलं म्हणून लक्षात आहे. "माणूस नकोसा झाला की माणूस मशीन आणतो." त्यानंतर मी टेपावर गेलो नाही. रघूचं माझं बोलणं तुटलं नाही, लग्नाकार्यात भेटत होतो, पण मी दर ठिकाणी ते सांगायचो. त्याच्या मेव्हण्याला, त्याच्या कचेरीतल्या लोकांना, जेवणाच्या पंगतीत. "आम्हाला काय, अंगठ्याएवढ्या डबीने हाकलून दिलं." लोक हसत. रघूही हसायचा आणि मला आग्रहाने जिलेबी वाढायला सांगायचा. त्याच्या त्या हसण्याचा मी मनात वेगळा हिशेब मांडून ठेवला होता. अपराधी माणूस असाच हसतो, असं मी धरून चाललो होतो.

परवा संध्याकाळी वर पोचलो तेव्हा रघू कातळावर तिपाई मांडून वाकलेला होता. केस पांढरे, पाठ तीच. हौसाबाई ओट्यावर पाय सोडून बसली होती. आता तिच्या दातांची पुढची फळी गेली आहे.

"आलात व्हय," ती म्हणाली. "भांडान मिटलं का तुमचं?"

"कसलं भांडण?"

"आता मला नगा सांगू. माज्याच वट्यावर झालं की."

मी विषय बदलला. जमीन कितीला दिली ते विचारलं, आकडा ऐकून चडफडलो. "कमी दिलेत हो. फसवलं तुम्हाला."

"पोरांनी इकली. तुमी असता तर चार पैसं जास्ती आलं असतं," ती म्हणाली. "पर तुमी कुटं हुता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी मी उठून रघूकडे गेलो.

"केबल विसरलो," तो मान वर न करता म्हणाला. "कॅमेरा लॅपटॉपला जोडायची. सगळं आणलं आणि तीच राहिली."

"म्हणजे?"

"म्हणजे आज तुला बसावं लागेल. हाताने. जमेल ना?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं फिकी वाटली. मशीन अडलं होतं आणि शेवटी माणूसच लागत होता, तोही मीच. "बघू," मी म्हणालो, भाव ताणून धरावा तसा. रघू म्हणाला, "तू चहा घेऊन ये तोवर, मी कॅमेरा चढवतो." मी चहा घेतला, दोनदा घेतला. खाली उतरलेल्या अंधारात पुण्याच्या बाजूचं आभाळ तांबूस झालं होतं, बाणेर-सूसकडचा सगळा उजेड तिथे साचलेला. पण डोक्यावर अजून काळोख होता आणि कृत्तिकांचा घोस वर आला होता. एवढा मला दिसतो. पुंजका म्हणून.

परतलो, स्टुलावर बसलो, डबा हातात घेतला. रघूने लहान दुर्बीण रोखून दिली. "तारा फुलीवर आहे," तो म्हणाला. "तयार झालास की सांग."

मी डोळा लावला. आत लाल धुकं होतं.

साखरेने माझ्या डोळ्याच्या पडद्यावर डाग पडला आहे. हे मला डॉक्टरने सांगितलं त्याला बराच काळ झाला. बायकोला मी चष्म्याचा नंबर वाढला असं सांगितलं, आणि दुकानात आकडे वाचायला एक मुलगी ठेवली. माणूस समोर आला की कळतो, रस्ता दिवसा कळतो. पण जिथे बघायचं नेमकं तिथेच एक मळका ठिपका बसलेला असतो, बघायला गेलं की तोच पुढे येतो. डावा डोळा लावून पाहिला. तिथे मोतीबिंदू आहे. तारा नव्हता, फुली नव्हती. डोळा लावायची काच पुसल्यासारखी केली. दव आलं असेल म्हणून पुन्हा पाहिलं. हे सगळं मी त्या हिवाळ्यातही केलं होतं, तस्संच, एकामागून एक, आणि हात ते करत असताना मला ते आठवलं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, की मला दिसत नाही. एवढं एक वाक्य. मी म्हणालो, "तयार."

खटक. शटर उघडलं.

मी बटणं दाबली. रघू मागे उभा आहे आणि बटणांचा आवाज ऐकतो आहे, हे मला माहीत होतं. एकदा डावं, थोड्या वेळाने एकदा उजवं. जेवढं त्या बाजूला तेवढंच या बाजूला, म्हणजे गोळाबेरीज शून्य आणि माउंट आहे तिथेच. अंधारात, काही न दिसणाऱ्या नळीला डोळा लावून, मी माझ्या मित्राला वजनात मारत होतो. फोटो बिघडणार, सगळे तारे रेघा होणार, आणि मी म्हणणार, तुझ्या चाकाची खोट अजून तशीच आहे. हेही वाक्य माझं तयार होतं.

खटक. शटर मिटलं. रघू कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकला, फोटो मोठा करून बघत राहिला. "गोल," तो म्हणाला. "एकूण एक गोल. हात तसाच आहे रे तुझा."

क्षणभर मी ते घेतलं. फुकट मिळालेला माल घ्यावा तसं घेतलं. मग मात्र आत कुठेतरी धंद्याची अक्कल जागी झाली. जी राखण झालीच नाही तिने तारे गोल येत नाहीत. मी उठलो आणि अंधारात हात पुढे करून कॅमेरा चाचपला. लांब नळी तिथे नव्हतीच. ती रिकामी, झाकण लावून, खाली घोंगडीवर पडलेली होती. माउंटवर लहान दुर्बिणीशेजारी होती एक आखूड, बोटभर लेन्स. मुलांच्या वाढदिवसाचे फोटो काढायची. त्या लेन्सला मिनिटभर राखणदार लागत नाही. कुणीच लागत नाही. मी बटणं दाबली काय, न दाबली काय, झोपलो असतो काय, तारे गोलच आले असते.

"रघू," मी म्हणालो, "मला तारा दिसला नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"तू बटणं फार शिस्तीत दाबलीस. एक डावं, एक उजवं, एक डावं, एक उजवं. खरा तारा एवढा सरळ वागत नाही."

तो हसला नाही. हौसाबाईच्या घरात कुणीतरी भांडी आवरत होतं, तो आवाज येत राहिला.

"केबल?"

"गाडीत आहे," तो म्हणाला. "आता मोठी लावू?"

मी हो म्हणालो. त्याने केबल आणली, लांब नळी चढवली, अंगठ्याएवढा कॅमेरा माझ्या जागी बसवला. लॅपटॉपवर लाल जिलेटीनचा कागद होता, तोच जुना प्रकार. मशीनने आपला तारा शोधला, आणि पडद्यावर एक रेघ सरकू लागली. थोडी वर, थोडी खाली, पुन्हा सरळ. एवढं मला लांबून दिसत होतं. रघूने शटर उघडलं आणि घोंगडी पसरली. "बस. आता याला वीस मिनिटं आपली गरज नाही."

आम्ही बसलो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या हिवाळ्यांत शटर उघडं असताना आम्ही दोघं कधी असे शेजारी बसलोच नव्हतो. एक जण नेहमी डोळा लावून गप्प, आणि एक जण त्याच्या मागे उभा. तो म्हणाला होता, आता तू आरामात बस. मी ते हाकलून देणं समजलो होतो.

कातळ अंगाखाली गार पडत होता. टिटवी ओरडून गेली. बोलायला भरपूर वेळ होता, आणि गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही वापरण्याजोगं उरलं नव्हतं.

"त्या हिवाळ्यातल्या रेघा," मी विचारलं, "माझ्याच होत्या ना?"

"काही."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"चाकात खोट नव्हती."

"थोडी असतेच रे कुठल्याही चाकात."

"मी ते चाक रोज खोलून बसायचो. तू सांगायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं. मी दुकानात त्याला झाडलं असतं, हौसाबाईसमोर झाडलं असतं, आणि मग डोळ्यांचं कुणालाच सांगितलं नसतं, डॉक्टरलाही नाही.

"आणि मी लग्नांत काय काय सांगत फिरलो..."

"लोकांना आवडायचं ते," तो म्हणाला. "माझा मेव्हणा अजून सांगतो. तुझ्यासारखं जमत नाही त्याला."

मी दुसरीकडे तोंड वळवलं, पण लॅपटॉपचा तो लाल उजेड नेमका माझ्याच चेहऱ्यावर पडत होता. आयुष्यभर समोरच्याच्या तोंडावरून त्याला किती परवडेल ते ओळखत आलो. आता माझ्या तोंडावर काय काय होतं, ते मला कुणी वाचायला नको होतं.

"तो पडदा जरा तिकडे वळव," मी म्हणालो. "डोळ्यांवर येतोय."

रघूने लॅपटॉप उचलला, पलीकडे तोंड करून ठेवला, आणि घाटाच्या बाजूच्या काळोखाकडे बघत बसला.